छाप बदलली तर चालतं हो, अंग बदललं की गोंधळ होतो

प्रश्न थोडक्यात असा होता: एका वेळी खिशात रुपयाची तीन-चार प्रकारची नाणी असतात, दोनचं आणि एकचं सारखंच वाटतं, सरकार सारखं डिझाइन का बदलतं, जुनी नाणी आपोआप बाद होतात का, दहाचं नाणं दुकानदार नको म्हणतो ते खोटं असतं का, आणि जुनी साठवून ठेवली तर पुढे पैसे मिळतील का.

मी बँकेत कॅशला एकतीस वर्षं काढली, शेवटची काही वर्षं तर करन्सी चेस्टलाच, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नोटा-नाणी साठवतात त्या तिजोरी विभागातच होतो, म्हणजे नाण्यांच्या पिशव्या उचलून पाठ गेली म्हणा ना, आणि नाणी जमवायचा नाद नोकरीच्याही आधीचा. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी दहाच्या नाण्याचा निकाल लावतो कारण तो सगळ्यात सोपा आहे. दहाची सगळी नाणी चालतात. रुपयाचं चिन्ह असलेलं, नसलेलं, दहा रेघांचं, पंधरा रेघांचं, सगळी. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्वतः पत्रक काढून सांगितलं की तोपर्यंत दहाची १४ प्रकारची नाणी निघालीत आणि चौदाच्या चौदा चालू आहेत, शिवाय १४४४० हा टोल फ्री नंबरही दिला. पंधरा रेघांची खोटी आणि दहा रेघांची खरी ही जी अफवा होती ना, तिच्यात काडीचा अर्थ नाही. पंधरा रेघांचं आधीचं आहे, रुपयाचं चिन्ह १५ जुलै २०१० ला ठरलं आणि २०११ पासूनच्या नाण्यांवर आलं, तेव्हा दहाच्या नाण्याची छाप बदलून दहा रेघा आणि चिन्ह असं झालं, बास, एवढंच. आणि चौदा कसे झाले म्हणाल तर बाकीची बहुतेक स्मारक नाणी. होमी भाभांची जन्मशताब्दी, रिझर्व्ह बँकेची पंचाहत्तरी, संसदेची साठ वर्षं, वैष्णोदेवी, योग दिवस, बाबासाहेबांची १२५वी जयंती, अशी.

आता मुख्य गोष्ट. आपण "डिझाइन बदललं" म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो. एक असते छाप, म्हणजे वरचं चित्र, अक्षरं, आकडा. दुसरं असतं नाण्याचं अंग, म्हणजे धातू, वजन, व्यास, जाडी, कडेचा आकार. छाप डोळ्यांनी बघायची असते, अंग बोटांना कळतं. आणि खरं सांगू का, रोजच्या व्यवहारात कोणीही छाप बघत नाही, बसमध्ये कंडक्टर काय नाणं उलटसुलट करून चित्र बघतो का, तळहातावर पडलं की त्याला कळतं काय आहे ते. म्हणून माझं मत असं की छाप दर वर्षी बदला, काही बिघडत नाही, अंग बदललंत की सगळ्यांची पंचाईत. आपल्याकडे ओरड कायम छापेवरून झाली आणि खरा त्रास कायम अंगामुळे झाला.

याचा सगळ्यात चांगला पुरावा १९५० चा. १५ ऑगस्ट १९५० ला प्रजासत्ताकाची पहिली नाणी आली, राजाचं डोकं गेलं आणि सारनाथचे सिंह आले, निकेलच्या रुपयावर मागच्या बाजूला वाघ होता त्याच्या जागी धान्याची कणसं आली. म्हणजे छापेच्या दृष्टीने याहून मोठा बदल असूच शकत नाही, राज्यच बदललं! पण अंग? धातू तोच निकेल, आकार तोच, वजन तेच, रुपयाचे आणे सोळाच, आणेलीची कड पूर्वीसारखीच नागमोडी, चवली म्हणजे दोन आण्यांचं नाणं चौकोनीच. त्यामुळे लोकांनी ती नाणी विनातक्रार घेतली, राजाचं नाणं आणि सिंहाचं नाणं एकाच बटव्यात सुखाने राहिलं.

छापेवरून वाद झाले नाहीत असं नाही हां. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया काढला तेव्हा त्याच्या झग्यावरच्या साखळीत एक छोटासा हत्ती होता, पण सोंड इतकी आखूड आणि अंग इतकं गोल कोरलं की लोकांना तो डुक्कर वाटला. धर्माचा प्रश्न झाला, रुपये परत घ्यावे लागले आणि १९१२ पासून सोंड नीट लांब कोरून नवे काढले. जमवणारे त्याला आजही पिग रुपी म्हणतात. मिलिमीटरभर सोंडेवरून सरकार हललं, यावरून साच्याच्या कारागिराची जबाबदारी काय असते ते बघा. पण हे सगळं छापेचं, अंग तसंच होतं म्हणून चौकातल्या व्यवहाराला धक्का लागला नाही.

आता अंगाची गोष्ट, आणि ही मला फार आवडते कारण ती तराजूवर मोजता येते. आपल्या जुन्या माणसांच्या तोंडी "रुपयाभार" हे माप असायचं, एक रुपयाभार सुंठ, दोन रुपयाभार साखर. का, तर चांदीचा रुपया बरोबर एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅमचा आणि शंभराहून जास्त वर्षं कोणी तो बदलायच्या भानगडीत पडलं नाही, म्हणून नाणं हेच वजन झालं. १९४० मध्ये महायुद्धात चांदी परवडेना तेव्हा रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली तरी वजन तेच ठेवलं. १९४७ ला चांदी संपूर्ण गेली, निकेल आलं. त्यानंतर मात्र रुपयाने वजन कमी करायला जी सुरुवात केली ती आजतागायत. साठच्या दशकातला निकेलचा रुपया १० ग्रॅम. १९७५ ला क्युप्रो-निकेलचा, म्हणजे तांबं-निकेलच्या मिश्रणाचा आला, ८ ग्रॅम. १९८३ चा ६ ग्रॅम. १९९२ ला स्टीलचा, ४.८५ ग्रॅम. २०११ चा ३.७९. २०१९ चा ३.०९. आज तुम्ही कुणाला रुपयाभार सुंठ घाल म्हणालात तर काढा बेचवच होणार.

हे का होतं? कारण नाण्यातला धातू नाण्याच्या किमतीपेक्षा महाग झाला की लोक ते नाणं म्हणून वापरत नाहीत, भंगार म्हणून विकतात. क्युप्रो-निकेलचं ते जाड पाचचं नाणं आठवतंय का, ९ ग्रॅमचा ठोकळा, कडेला खाच असलेला? ती नाणी सीमेपलीकडे बांगलादेशात नेऊन वितळवतात आणि दाढीची ब्लेडं करतात अशा बातम्या तेव्हा खूप यायच्या, आणि आमच्याकडे चिल्लरची मारामार असायची. नाणं वितळवणं गुन्हा आहे बरं का, २०११ च्या नाणे कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे, पण धातूचा भाव चढला की कायद्याला कोण विचारतो. म्हणून सरकार धातू बदलतं, नाहीतर नाणं बारीक करतं. हौस म्हणून नाही. २००७ ला पाचचं नाणं स्टीलचं झालं, ६ ग्रॅम, मग २००९ ला पिवळं निकेल-ब्रासचं आलं, हा सगळा त्याच भीतीचा परिणाम.

म्हणजे कारण पटण्यासारखं आहे. चूक कुठे झाली तर बारीक कसं करायचं यात.

दशमान पद्धत आली तेव्हाची मंडळी मला वाटतं फार विचारी होती. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, नाण्यावर "रुपये का सौवां भाग" असं लिहून लोकांना हिशोब शिकवला. तो हिशोब सोपा नव्हता हो, आण्याचे पैसे येतात सव्वासहा, मग एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे मात्र बरोबर पंचवीस, अशा कोष्टकांवर दुकानं चालली. इतका गोंधळ असूनही नाण्यांमध्ये गोंधळ झाला नाही कारण प्रत्येकाचा आकार वेगळा, पैसा गोल, दोन पैसे नागमोडी, पाच पैसे चौकोनी, दहा पैसे पुन्हा नागमोडी पण मोठं. १९६४ ला "नवा" शब्द गेला, तीन पैसे षटकोनी आले, मग ॲल्युमिनियमची आली, चिमूटभर वजनाची, पैसासुद्धा चौकोनी झाला, पण पाचचं चौकोनी ते चौकोनीच राहिलं, दहाचं नागमोडी ते नागमोडीच. धातू बदलला, वजन तर कुठल्या कुठे गेलं, तरी बोटांना ओळख राहिली. आमच्या वयाच्या कुणालाही डोळे मिटून हातात पाच पैसे द्या, सांगतील.

आणि चार आणे, आठ आणे हे शब्द टिकले ते याच कारणाने असं मला वाटतं, की पंचवीस आणि पन्नास पैसे पावली-अधेलीसारखेच गोल आणि निकेलचे ठेवले होते. आणा जाऊन आता सहा दशकं होऊन गेली तरी बारा आणे म्हटलं की कळतंच की आपल्याला.

मग १९८८ पासून स्टील आलं. आधी दहा, पंचवीस, पन्नास पैसे, गेंड्याचे चार आणे आणि संसद भवनाचे आठ आणे, आणि १९९२ ला रुपया. स्टील स्वस्त, गंजत नाही, मळत नाही, सगळं मान्य. पण टाकसाळीच्या माणसाला विचारा, स्टील म्हणजे हट्टी धातू. नाणं कसं बनतं, तर पत्र्यातून चकत्या कापतात, भट्टीत तापवून मऊ करतात, धुतात, कडा उचलून घेतात आणि मग दोन साच्यांच्या मध्ये, भोवती कॉलर म्हणजे कड धरून ठेवणारं कडं, असं ठेवून एका ठोक्यात छापतात. त्या ठोक्याला धातू वाहतो, अक्षरशः पातळ पिठासारखा साच्याच्या खोलगट भागात शिरतो. चांदी आणि तांबं छान वाहतात म्हणून जुन्या रुपयावर राणीच्या केसाची बट न बट उठते. स्टील तसं वाहत नाही, जोर वाढवला तर साचा तडकतो, म्हणून चित्र उथळ ठेवावं लागतं. शिवाय एका बाजूला जिथे चित्राचा उंच भाग आहे तिथेच मागच्या बाजूलाही उंच भाग आला तर धातू दोन्हीकडे पुरत नाही आणि एक बाजू अर्धवट उठते. त्यामुळे "आपली नाणी अशी सपाट, बाळबोध का दिसतात, जुनी कशी देखणी होती" या तक्रारीचं उत्तर निम्मं तरी धातूत आहे, कलाकाराला शिव्या देऊन उपयोग नाही. मी स्वतः बऱ्याच स्मारक नाण्यांवरचे चेहरे बघून हळहळलोय, १९९९ चं शिवाजी महाराजांचं दोनचं नाणं, त्याच वर्षीचं ज्ञानेश्वरांचं रुपयाचं, २००२ चं तुकोबांचं, सगळी माझ्याकडे आहेत, पण थोडी वापरात फिरली की नाक आधी झिजतं. चेहरा हा रोजच्या नाण्यासाठी वाईटच विषय, सगळ्यात उंच भाग तोच असतो ना.

आता येतो २००४ ते २००७ च्या काळाकडे, यातून मी स्वतः गेलोय. तोपर्यंत दोनचं नाणं होतं ते अकरा कोनांचं, ६ ग्रॅम, २६ मिलिमीटर, भारताचा नकाशा असलेलं. डोळे मिटून ओळखा. मग त्याच्या जागी गोल स्टीलचं दोनचं नाणं आलं, जेमतेम २७ मिलिमीटरचं, आणि रुपया होता गोल स्टीलचा २५ मिलिमीटरचा. दोन्हींवर एकमेकांना छेदणाऱ्या दोन रेघा आणि चार टिंबं, विविधतेत एकता अशी ती कल्पना. वाद कशावरून झाला? तर तो क्रॉस दिसतो यावरून! टीव्हीवर चर्चा, अर्ज-विनंत्या, बरंच काही झालं. आणि आमच्या शाखेत टेलिफोन ऑपरेटर होते, जन्मापासून दृष्टी नाही, बाजारहाट सगळं स्वतः करणारे, ते माझ्या काउंटरला येऊन दोन नाणी पुढे ठेवून म्हणाले, "साहेब, यातलं दोनचं कुठलं तेवढं सांगा, रिक्षावाला दोन वेळा भांडला माझ्याशी." मी सांगितलं, पण खरं सांगतो, बघून सांगितलं, चाचपून मलाही पटकन कळलं नसतं. ते गेल्यावर मी गल्ल्यातली नाणी डोळे मिटून वेगळी करून बघितली आणि दर पाच-सहाला एक चुकत होतो. रोज हजारो नाणी हाताळणारा माणूस मी.

२००७ ला हस्तमुद्रांची मालिका आली, नृत्यातल्या मुद्रा, रुपयावर वर केलेला अंगठा, दोनवर दोन बोटं, आठ आण्यावर मूठ. बऱ्याच जणांनी टिंगल केली पण मला ती कल्पना आवडली होती, न वाचता येणाऱ्यालाही दोन बोटं कळतात, आणि स्टीलवर छान उठायची. पण ज्याला दिसतच नाही त्याचं काय, अंग तेच होतं, गोल आणि गोल, दोन मिलिमीटरचा फरक. म्हणजे दुखणं पोटात आणि लेप कपाळाला.

आणि मग २०११. इथे झालं ते मी लोकांना सांगतो तेव्हा कुणाचा विश्वास बसत नाही. २०११ ला एक-दोनची नाणी बारीक केली. रुपया किती झाला? २१.९३ मिलिमीटर, ३.७९ ग्रॅम. आता १९८८ चे स्टीलचे आठ आणे किती होते? २२ मिलिमीटर, ३.७९ ग्रॅम. दोनचं नाणं किती झालं? २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम, म्हणजे १९९२ चा रुपया जशास तसा. रुपयाने आठ आण्याचं अंग घेतलं आणि दोन रुपयांनी रुपयाचं! शाळेत मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याला घालतात तसं, फक्त उलट्या दिशेने. जरा मागे गेलात तर हे आधीही झालेलं दिसेल, अकरा कोनांचं दोनचं नाणं ६ ग्रॅम, २६ मिलिमीटरचं, आणि १९८३ चा रुपयाही ६ ग्रॅम, २६ मिलिमीटरचाच, पण तेव्हा निदान कोन तरी होते.

आता तुम्ही म्हणाल जुना रुपया कुठे राहिलाय. राहिलाय ना, हाच तर मुद्दा आहे. आपल्याकडे नवीन नाणं आलं तरी जुनं परत घेत नाहीत, नुसती भर पडत जाते. इंग्लंडमध्ये २०१७ ला बारा कोनांचा पौंड काढला तर मार्च ते ऑक्टोबर अशी मुदत दिली आणि गोल पौंड चलनातून बाहेर. आपल्याकडे ३० जून २०११ ला पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी बाद केली तेवढंच एक, बाकी आठ आण्यापासून वर जे काही आहे ते सगळं कायद्याने आजही चालू. म्हणजे तुमच्या खिशात ४.८५ ग्रॅमचं २५ मिलिमीटरचं स्टीलचं नाणं असेल तर ते रुपया असू शकतं नाहीतर दोन रुपये, आणि फरक सांगणार फक्त छाप. छापेवर इतकं अवलंबून राहायची वेळ आली म्हणून "सारखं डिझाइन बदलतात" ही तुमची तक्रार आहे, मुळात तक्रार छापेची नाहीच.

बँकेत याचा आणखी एक ताप. रिझर्व्ह बँकेने सांगितलंय की एक-दोनची नाणी शंभर-शंभरच्या प्लास्टिक पिशव्यांत भरून घ्यावीत आणि वजनावर घेतलीत तरी चालतील. उत्तम सूचना. पण शंभर रुपयांचं वजन किती धरायचं? १९९२ वाली असतील तर ४८५ ग्रॅम, २०११ वाली असतील तर ३७९, नवीन असतील तर ३०९, आणि देवळाच्या दानपेटीतून आलेल्या पिशवीत सगळ्या पिढ्या एकत्र नांदत असतात. शेवटी टेबलावर ओतायचं आणि बोटांनी दहा-दहाच्या चळती लावायच्या. काही ठिकाणी चिल्लर घ्यायला टाळाटाळ करतात त्यामागे आळस असतोच, पण हेही एक कारण असतं. (टाळाटाळ करायचा अधिकार मात्र कुणालाच नाही, हे लिहून ठेवा.)

२०१९ ला हे कुणाच्या तरी डोक्यात आलं असावं. ७ मार्च २०१९ ला जी मालिका जाहीर झाली ती दृष्टिहीनांना ओळखता यावी म्हणूनच केली होती, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची मदत घेऊन. रुपया २० मिलिमीटर, दोन २३, पाच २५, दहा २७, म्हणजे किंमत वाढेल तसा व्यास आणि वजन वाढतं, आणि वीसचं नवीन नाणं २७ मिलिमीटरचंच पण बारा कोनांचं. वीसच्या नाण्यावर धान्याचं चित्र आहे. मला विचाराल तर १९५७ नंतरचं हे सगळ्यात शहाणपणाचं काम, आधी २०११ मध्ये पाचचं नाणं दोनपेक्षा लहान होतं, २३ आणि २५, तो उलटेपणाही सरळ केला. २०२२ ला अमृत महोत्सवाची मालिका आली तेव्हा छाप बदलली पण मापं हीच ठेवली, याला म्हणतात डिझाइन बदलणं.

फक्त एक. नवीन दोन २३ मिलिमीटर, आणि जुनं पाचचं नाणंही २३. नवीन पाच २५, आणि जुनं दोनचं २५, आणि त्याहून जुना रुपया पण २५. नवी मालिका एकटी घेतली तर सुंदर, जुन्यांत मिसळली की पुन्हा पहिले पाढे. जाडी, वजन आणि रंगात फरक आहे, पाच पिवळं आणि जड असतं, पण ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्याला रंगाचा काय उपयोग. जुनी नाणी ठराविक मुदतीत परत घेतल्याशिवाय याचा फायदा मिळणार नाही, आणि मुदत म्हटलं की लोकांना नोटबंदी आठवते, त्यामुळे ते धाडस कोण करणार मला माहीत नाही.

बाहेरचे देश काय करतात असं कुणी विचारेल म्हणून थोडंसं. अमेरिकेने १९९९ ते २००८ दर वर्षी पाच राज्यांच्या नावाने क्वार्टरची म्हणजे पाव डॉलरच्या नाण्याची मागची बाजू बदलली, पन्नास छापा झाल्या, पण नाण्याचं अंग एक केसभरही हललं नाही म्हणून मशिनींना पत्ताही लागला नाही. युरोत तर नियमच आहे की देशाच्या बाजूची नेहमीची छाप पंधरा वर्षांच्या आत बदलायची नाही, राष्ट्रप्रमुख बदलला तर वेगळं. जपानने ५०० येनचं नाणं २०२१ ला बदललं ते नकली नाण्यांच्या भीतीने, आणि तिथे वेंडिंग मशीन गल्लोगल्ली असल्याने प्रत्येक मशीनला नवं नाणं शिकवायचा खर्च आला. साचा बदलायला टाकसाळीला फार लागत नाही, खर्च बाकीच्यांना लागतो.

आणि शिव्या द्यायच्याच असतील तर पत्ता नीट लिहा. नोटा रिझर्व्ह बँकेच्या, एक रुपयाची नोट सोडून, पण नाणी केंद्र सरकारची. कुठलं नाणं, किती मापाचं, काय छाप, हे अर्थ मंत्रालय ठरवतं, पाडतात मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाच्या टाकसाळीत, रिझर्व्ह बँक फक्त वाटप करते. कुठल्या टाकसाळीचं आहे ते सालाखाली बघा, चौकट म्हणजे डायमंड असेल तर मुंबई, चांदणी हैदराबाद, टिंब नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. नव्वदीच्या शेवटी आपल्या टाकसाळी कमी पडल्या तेव्हा परदेशातून नाणी पाडून आणली, त्यामुळे मॉस्को, मेक्सिको, कोरियाच्या खुणा असलेली नाणीही सापडतात, ती खोटी नाहीत, गल्ल्यात दिसली तर मला आजही लॉटरी लागल्यासारखं होतं.

लॉटरीवरून आठवलं, साठवण्याबद्दल. वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये, अमुक सालच्या रुपयाला दहा लाख, असल्या जाहिराती येतात त्या सरसकट फसवणूक समजा. ती नाणी लाखोंनी निघालीत, कोण देणार लाख. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये इशारा दिला होता की आमच्या नावाने जुनी नाणी-नोटा विकत घेतो सांगून लोक फी, कमिशन मागतात, आमचा याच्याशी संबंध नाही. समोरच्याने आधी रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले की फोन ठेवून द्या. हौसेने जमवायची तर जरूर जमवा, न झिजलेली जमवा आणि पॉलिश लावून घासू नका, घासलेलं नाणं जमवणाऱ्याच्या दृष्टीने संपलं.

आठ आणे राहिलेत का घरात? ते कायद्याने चालतात, दहा रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी, पण दुकानात कोणी घेणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे. एक संसद भवनाचे आठ आणे शोधा आणि एक २०११ नंतरचा पण २०१९ च्या आधीचा रुपया घ्या, एकावर एक ठेवून कडेवरून नख फिरवा. नख अडकणार नाही. मग १९९२ नंतरचा कणसांचा रुपया आणि २०११ नंतरचे दोन रुपये घेऊन तेच करा.